खडूची खूण

मामाने दार उघडलं ते कोपराने. दोन्ही हात मनगटापर्यंत शेणाने माखलेले, त्याच्या वर लाल गांधी उठलेल्या. "शिवू नको बाय," तो म्हणाला, "खाजकुइली आहे."

आतून मामीचा आवाज आला. "विचार त्यांना, वय किती! सदुसष्टाव्या वर्षी कुणाच्या कुंपणावर चढतं का माणूस?"

करंजाड्याच्या गॅलरीत, जिथून थंडीत हवा मोकळी असली तर कर्नाळ्याचा अंगठा दिसतो, तिथे वर्तमानपत्रावर शेंगा पसरल्या होत्या. बोटाएवढ्या, टोकाला मुरडलेल्या, अंगभर तपकिरी मखमल. हात फिरवावासा वाटतो, हीच त्यांची मेख. जानेवारीत त्या वाळतात आणि वाऱ्याबरोबर लव उडते. लहानपणी आम्ही ती भावंडांच्या अंथरुणात टाकायचो.

या शेंगा कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. माझा मामेभाऊ तेहतीस वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी संध्याकाळी घरी येताना त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. अंगठा आत वळायचा, पाऊल तिरकं पडायचं. सकाळी उठला की सगळं ठीक. म्हणून आधी घरातच निदान झालं : कामाचा कंटाळा. मग टाचेवर उपचार झाले, मग कमरेवर. हात थरथरायला लागला तेव्हा कुठे कुणीतरी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पार्किन्सन्स. म्हाताऱ्यांचा आजार, आणि हा तर अजून क्रिकेट खेळणारा. गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्याभरात तो जिना धावत चढला. डॉक्टरांनी जीनची तपासणी सुचवली. मामाने तो कागद देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिला. त्या कागदासाठीच मी आले होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे खडू हातात नसला तरी तोंड थांबत नाही. म्हटलं, "मामा, ही खाज कुसळं टोचल्याने येत नाही नुसती. त्या लवेत म्युक्युनेन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं कापतं. तुझ्या कातडीत कापाकापी करतं आणि तिथल्या नसा बोंब मारतात."

"कापू दे. बीत औषध आहे की नाही?"

"आहे."

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मी भांडायच्या तयारीने आलेय, असं धरूनच तो बसला होता.

"आहे," मी पुन्हा म्हटलं. "खाजकुइलीच्या बीत एल-डोपा असतो, हे मद्रासच्या दोघा संशोधकांनी १९३७ सालीच दाखवलं. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्यांच्या गटाने पार्किन्सन्सच्या रुग्णांना हीच बी देऊन त्याचा निबंध लिहिला. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर गोळी आणि बी यांची तुलना झाली. बीचा गुण लवकर आला आणि जास्त वेळ टिकला."

"ऐकलंस गं?" मामाने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "मास्तरीणच सांगतेय."

"पुढचं पण ऐक. त्याच्या गोळीत आहे तेच औषध या बीत आहे. गोळीच्या वर बी म्हणजे दुप्पट डोस. तरुणपणी सुरू झालेल्या या आजारात अंग आपोआप वळवळण्याचा त्रास तसाही लवकर येतो. डॉक्टरांना न विचारता तू त्याला चमचाभर पूड दुधातून दिलीस तर..."

"दोनदा दिली."

मामी बाहेर येऊन दारात उभी राहिली. मला वाटलं आता चिडावं, पण मामाने माझ्या आधी शेंगांचा कागद पायाने बाजूला सरकवला. पनवेल आगारात एकतीस वर्षं बसगाड्यांच्या पोटाखाली झोपून काढलेला माणूस आहे तो. चूक दाखवली की वाद घालत नाही, पाना ठेवून देतो. वाद घालतो तो चूक कुठे आहे यावर.

"बरं," तो म्हणाला. "मग सांग, ती तपासणी करून गोळी बदलणार?"

"नाही."

"आजार बरा होणार?"

"नाही."

"मग कागदाला पैसे कशाला द्यायचे? गाडीचं इंजिन कुठल्या कारखान्यात बिघडलं ते कळून रस्त्यात उभी गाडी चालत नाही, बाय."

हा त्याचा मुद्दा मी कधीच हलका मानला नाही. जीनच्या तपासणीबद्दल उत्साहाने बोलणारे आम्ही विज्ञानवाले या प्रश्नाशी आलो की खाकरतो. तरीही मी म्हटलं, "इंजिन कुठे बिघडलं ते तरी ऐकशील? तुझ्याच भाषेत सांगते. आगारात खराब झालेल्या सुट्या भागांचं काय करायचे?"

"निर्लेखन. साहेब बघायचा, आमचा एक माणूस खडूने फुली मारायचा. फुली मारलेला माल भंगाराच्या शेडमध्ये. फुली नसेल तर हात लावायचा नाही, मग तो कितीही सडलेला असो."

"तो खडूवाला म्हणजे पार्किन. आपल्या पेशीत रोज प्रथिनं खराब होतात. त्यांच्यावर युबिक्विटिन नावाची एक बारीकशी चिठ्ठी डकवली जाते. तीच फुली. चिठ्ठी लागली की माल भंगारात जातो, तुकडे होतात, तुकडे परत वापरले जातात. ही पद्धत शोधली म्हणून तिघांना २००४ सालचं नोबेल मिळालं. चिठ्ठी डकवणारी एन्झाइमं शेकडो आहेत. पार्किन त्यातलं एक."

"एक माणूस रजेवर गेला तर आगार बंद पडत नाही."

"पण याच्याकडे बॅटऱ्यांचं काम आहे. पेशीला वीज पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया. त्यातली एखादी बिघडली की पिंक-१ नावाचं दुसरं प्रथिन तिच्या दारात उभं राहून हाक मारतं, पार्किन येतं, फुली मारतं, अख्खी बॅटरी भंगारात. पार्किन आलंच नाही तर गळकी बॅटरी शेडमध्येच पडून राहते."

"आणि ॲसिड." मामा हळूच म्हणाला. त्याच्या डाव्या पोटरीवर बॅटरीच्या ॲसिडचा जुना डाग आहे.

"मेंदूत डोपामीन बनवणाऱ्या पेशी आहेत, त्यांना हे सगळ्यात आधी बाधतं."

तो थोडा वेळ वर बघत राहिला. विमान जात होतं. विमानतळ सुरू झाल्यापासून त्या घरात बोलणं असं मधेमधे थांबतं. त्याच विमानतळाने उठवलेल्या गावांतली माणसं आता वडघर-करंजाड्याच्या पट्ट्यात नवी घरं बांधून राहतात. त्यातल्या कुणाच्या तरी कुंपणावरून शेंगा आणल्या होत्या म्हणे.

"हे नाव आपल्या पोराच्या आजाराला लागू आहे, हे कुणी ठरवलं?"

"कुणीच नाही अजून. तेच तर तपासायचं. पण लक्षणं बघ. चाळिशीच्या आत सुरुवात. पाय वळणं. झोपून उठल्यावर बरं, संध्याकाळी वाईट. गोळीला चटकन गुण. जपानमध्ये १९७३ साली यामामुरा नावाच्या डॉक्टरांनी नेमकं हेच वर्णन केलंय. १९९८ मध्ये जपान्यांनीच तो जीन शोधला, आणि हे एन्झाइम फुली मारायचं काम करतं हे दोन वर्षांनी कळलं. यामामुरांच्या त्या घरांमध्ये..."

इथे मी अडखळले. मामाने वाक्य पुरं केलं.

"नात्यातली लग्नं होती."

"हो."

मामाचं लग्न त्याच्या मामाच्या मुलीशी झालं आहे. इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यांचा नकाशा मांडला, त्यात उत्तरेत असं लग्न निषिद्ध आणि महाराष्ट्रापासून खाली मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, अशी सीमारेषा आपल्याच अंगणातून जाते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही भावाबहिणीच्या मुलांचं लग्न आधी मना केलं आणि मग रूढी असेल तर चालेल अशी पळवाट ठेवली. आमच्या घरात ती पळवाट म्हणजे हमरस्ता.

"म्हणजे दोष माझा आणि हिचा," मामा म्हणाला. "हेच लिहून आणायचंय ना तुला प्रयोगशाळेतून? शिक्क्यासकट?"

"दोष नाही रे. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, अप आणि डाऊन लाइनसारख्या. एक बंद असली तरी दुसरीवर काम चालतं, म्हणून तुम्हा दोघांना काही झालं नाही. त्याच्याकडे तुमच्या दोघांच्या बंद लाइनी आल्या. चारात एक वेळा असं होतं. आणि तुमचे आजीआजोबा एकच. असलाच, तर त्या दोघांपैकी कुणाकडून तरी हा बिघाड तुम्हा दोघांकडे एकाच वाटेने उतरला असणार."

मामी तोपर्यंत गप्प होती. आता म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या, हिच्या आईकडचं दूध पातळ." एवढं बोलून ती चहा टाकायला गेली. चार वर्षांत या विषयावर तिने माझ्यासमोर उच्चारलेलं हे एकमेव वाक्य. तिच्या आईकडचं म्हणजे आजीआजोबांकडचं नव्हे, बाहेरून आलेल्या सुनेकडचं. म्हणजे सासूबाईंनी स्वतःचं माहेर शिताफीने वगळलं होतं! अनुवंशशास्त्र घराघरांत आधीपासून शिकवलं जातं, फक्त त्याचा पेपर नेहमी सुनेलाच सोडवायला लागतो.

चहा आला. मामा सावरून बसला आणि त्याने दुसरी आघाडी उघडली.

"तपासणी चुकत नाही?"

"चुकते. म्हणजे साधी तपासणी फसू शकते." इथे मला प्रामाणिक राहायलाच हवं होतं. "हा माणसातल्या मोठ्यात मोठ्या जीनांपैकी एक आहे. जवळजवळ १३.८ लाख अक्षरांचा. पण प्रथिन बनवायला लागणारी अक्षरं त्यातली १४०० सुद्धा नाहीत, ती १२ तुकड्यांत विखुरलेली. पनवेलहून सुटणारी १२ डब्यांची लोकल समज. साधी तपासणी डब्यांवरची अक्षरं वाचते. एखादं अक्षर चुकलं असेल तर पकडते. पण या जीनमध्ये बरेचदा अख्खा डबाच गळलेला असतो."

"मग तर लगेच कळेल."

"नाही ना. गाड्या दोन. एकीत चौथा डबा नाही, दुसरीत आहे. वाचणाऱ्याला चौथा डबा सापडतो, तो लिहितो सगळं ठीक. डबे मोजणारी तपासणी वेगळी असते, ती मागून घ्यावी लागते."

मामा हसला. त्या दिवसात पहिल्यांदा. "एसटीची तपासणी पण अशीच व्हायची. स्टेपनी आहे का? आहे. किती गाड्यांना मिळून एक, ते कुणी विचारायचं नाही."

"आणि कधीकधी उत्तर येतं, बदल सापडला पण त्याचा अर्थ लागत नाही. आपल्याकडच्या लोकांचे जीन जगाच्या यादीत कमी नोंदलेत, त्यामुळे हे उत्तर आपल्याला जास्त ऐकायला लागतं."

"म्हणजे पैसे देऊन 'माहीत नाही' विकत घ्यायचं. माहीत नाही तर माझ्याकडे फुकट आहे. वर मेडिक्लेमवाल्यांनी कागद बघितला की झालं."

"२०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलंय, आनुवंशिक आजार म्हणून सरसकट विमा नाकारता येणार नाही."

"न्यायालयाने सांगितलंय," तो नुसतं म्हणाला. सिडकोच्या कागदांसाठी लोक किती वर्षं न्यायालयांत फिरले, ते त्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला मी काय सांगणार?

मग त्याने कप खाली ठेवला आणि जे बोलायचं होतं ते बोलला.

"तुला माझ्या पोराची काळजी नाही, बाय. तुला तुझ्या भावाची काळजी आहे."

दिवाळीत माझी आई इथे फराळाचे डबे घेऊन आली होती, सोबत एक प्रस्तावही होता. मामाची मुलगी, म्हणजे या आजारी भावाची धाकटी बहीण, सत्तावीस वर्षांची. ती आमच्या घरी यावी. माझ्या भावाला पसंत, तिलाही नापसंत नाही. आई म्हणाली, आपलं सोनं आपल्या घरात. मला सोन्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं, पण त्या रात्री झोप आली नाही, हे खरं.

"दोघांची आहे," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू!"

"मग हिशेब मांड. बघू किती काळजी आहे ते."

भिंतीवरच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान फाडून त्याने उलटं माझ्यासमोर ठेवलं. मी लिहायला लागले. तपासणीत या जीनचा बिघाड खरा ठरला, असं धरून. तुझ्या मुलीला आजार नाही, मग तिच्याकडे एक बंद लाइन असण्याची शक्यता ३ मध्ये २. माझ्या आईकडे तीच बंद लाइन असण्याची २ मध्ये १, कारण ती तुझी बहीण. माझ्या भावाकडे ४ मध्ये १. दोघांकडे असली तरी त्यांच्या मुलाला आजार होण्याची ४ मध्ये १. गुणाकार केला.

"२४ मध्ये १."

"तेवीस वेळा बरं की!" मामा टेबलावर हात आपटून म्हणाला. शेण वाळून त्याचे पापुद्रे पडले. "यासाठी लग्न मोडायचं? रस्त्यावर खड्ड्यांत यापेक्षा जास्त माणसं मरतात."

खरं सांगायचं तर मलाही तो आकडा लिहिल्यावर लहान वाटला. मनात भीतीचं जे आकारमान होतं, त्यापेक्षा बराच लहान. मी म्हटलं, "मी लग्न मोडा म्हणतच नाही. तपासणी झाली तर कदाचित हा हिशेबच रद्द होईल. दुसराच काही आजार निघेल. किंवा माझ्या भावाकडे ती बंद लाइन नाहीच असं निघेल, मग सनई लावा. आत्ता आपण दोघं न तपासलेल्या गोष्टीला घाबरतोय."

मामा पान हातात घेऊन बघत होता. चष्मा कपाळावर, पान नाकाशी. सुट्या भागाचा नंबर वाचावा तसा तो एकेक ओळ वाचत होता. पहिल्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"'तुझ्या मुलीला आजार नाही.' हे कसं लिहिलंस?"

मी काही बोलले नाही.

"त्याला कितव्या वर्षी झालं?"

"एकोणतिसाव्या."

"ती सत्तावीस आहे."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वर्गात मी बारावीच्या मुलांना पहिलं हेच सांगते, गृहीतक तपासा. आणि इथे मी ते गुपचूप ओलांडून गेले होते, कारण मला ती आवडते. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तिची वेणी मी घातलेली आहे.

"तिलाही चारात एक?" मामाने विचारलं.

"जन्मली तेव्हा होती. आजवर काही झालेलं नाही म्हणून आता थोडी कमी. पण ते सोडून हिशेब करायचा तर..." मी २४ वर काट मारली. तिच्याकडून बंद लाइन उतरण्याची २ मध्ये १, माझ्या भावाकडून ८ मध्ये १. खाली लिहिलं, १६ मध्ये १.

"चोवीसाचे सोळा झाले," मामा म्हणाला. "अजून थोडा वेळ बसलीस तर किती होतील?"

मग तो उठून हात धुवायला गेला. बराच वेळ पाणी वाहत होतं. करंजाड्यात पाणी असं वाहू देत नाहीत, मामीने आतून हाक मारली तेव्हा नळ बंद झाला. बाहेर आला तो टॉवेलने बोटं एकेक करून पुसत.

"मी नाही म्हणतो ते नाहीच," तो म्हणाला. "तिला आज सांगायचं की दोन वर्षांनी तुझा पाय वळेल कदाचित, आणि मग ती रोज संध्याकाळी चपलेकडे बघत घरी येणार. औषध तर आधीपासून घेता येत नाही ना?"

"नाही. आजार थांबवणारं औषध अजून कुणाकडेच नाही."

"मग दोन वर्षं तिची काढून कुणाला देतेस तू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. एवढंच म्हणाले, की याच जीनमुळे आजार असेल तर तो सावकाश सरकतो, बहुतेकांची बुद्धी शाबूत राहते, आणि म्हातारपणच्या पार्किन्सन्सची जी चित्रं आपण बघतो ती याला जशीच्या तशी लागू नाहीत. हे कळलं तर त्या पोराला बरं वाटेल. तो रात्री मोबाइलवर काय काय वाचतो, मला माहीत आहे. मामाला माहीत नव्हतं.

"वाचतो?"

"मला पाठवतो. रात्री दोन वाजता."

मामा खुर्चीत बसला. शेवटी त्याने जो प्रश्न विचारला तो आगारातल्या माणसाचा होता. "ती डबे मोजायची तपासणी. तिला रक्त किती लागतं?"

"चमचाभर. आधी फक्त त्याचं. त्याच्यात काही सापडलं तरच बाकीच्यांचं, आणि ते ज्याला हवं त्याचंच."

"त्याला विचारलंस?"

"तू?"

चार वर्षांत आम्ही दोघं त्याच्या रक्तावरून सहा-सात वेळा भांडलो होतो. दिवाळीत, गणपतीत, एकदा तर पनवेल स्टेशनच्या पुलावर. दर वेळी तो घरात नसताना.

साडेसहा वाजले. खाली गेट वाजलं आणि जिन्यात पावलं ऐकू आली. एक पाऊल टक्क, दुसरं घासत. दुसऱ्या मजल्यावर थांबली. तो तिथे थांबून चप्पल पुन्हा अडकवतो. मामाने वाकून शेंगांचा कागद चारी कोपऱ्यांनी उचलला, लव उडू नये म्हणून श्वास धरून, आणि गॅलरीच्या टोकाला पत्र्याच्या डब्यात टाकला. झाकण लावलं. आत येऊन कॅलेंडरच्या पानाकडे बघितलं. ते त्याने टेबलावर तसंच राहू दिलं, आकडे वर करून.